वेदनाशमन हाही उपचारच

कर्करोगाने आजारी असलेल्या माझ्या वडिलांसाठी मॉर्फिन या तीव्र वेदनाशामक औषधाच्या गोळ्या आणायला आम्हाला नाशिकहून मुंबई गाठावी लागली, कारण येथील रुग्णालयात ‘सवय लागेल’ एवढेच उत्तर मिळाले. वास्तविक, वेदनेच्या तीव्रतेनुसार पायरीपायरीने औषध वाढवण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच सांगितली होती आणि २०१४ मध्ये अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना मॉर्फिनसारखी औषधे ठेवणे सुलभ झाले. मॉर्फिनने बद्धकोष्ठता होते, हे खरे; परंतु त्यावरचे औषध सोबतच देता येते, हेही आम्हाला मुंबईतच कळले. वडील त्यानंतर रात्री झोपू लागले. आपल्या जिल्ह्यात कोणत्या रुग्णालयांत ही औषधे मिळतात, याची यादी आरोग्य विभागाने तातडीने प्रसिद्ध करावी.

– एक वाचक, पंचवटी, नाशिक