मेळघाटात आम्हाला शिकवायला शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

प्रशिक्षण संपून बरेच दिवस झाले, तरी तुमचे आभार मानल्याशिवाय राहवत नाही. धारणी तालुक्यात बाहेरून आलेल्या आम्हा जिल्हा परिषद शिक्षकांसाठी तुम्ही जे केलंत ते चारचौघांना कळावं, म्हणून हे जाहीर पत्र.

डी.एड.ला आम्ही सूक्ष्मपाठ घेतले, सरावपाठ घेतले, टाचणांच्या वह्या भरल्या. पण वर्गातल्या झाडून सगळ्या मुलांची घरची भाषा वेगळी असेल तर पहिल्या दिवशी काय बोलायचं, यावर एक तासिकाही झाली नाही. नोकरीत आल्यावर प्रशिक्षणं भरपूर झाली. एका साहेबांनी तर ठणकावून सांगितलं, "त्यांच्याशी मराठीतच बोला, आपोआप येईल." त्या 'आपोआप'च्या नादात किती लेकरं वर्गात मुकी बसून मोठी झाली असतील, या विचारानं आजही संताप होतो. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असं सांगणारा अनुच्छेद ३५०-क संविधानात १९५६ साली आला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात तेच, २०२० च्या शैक्षणिक धोरणात पुन्हा तेच. वर्गात हे करायचं कसं, ते हाताला धरून दाखवणारं मात्र कुणी भेटत नव्हतं.

तुम्ही भेटलात. आमच्या मुलांची घरची भाषा कोरकू ही संथाली, मुंडारी या आदिवासी भाषांच्या कुळातली, तिचं मराठीशी लांबचंही नातं नाही, हे आम्हाला तुमच्याकडून कळलं. मराठीसारखं पुल्लिंग-स्त्रीलिंगानुसार क्रियापद बदलणं तिच्यात नाही, भेद आहे तो सजीव-निर्जीवाचा. दोघांसाठी वेगळं द्विवचन आहे. वहीत "आई आला" दिसलं की लाल रेघ मारायची, एवढंच आम्हाला आजवर शिकवलेलं. मूल आपल्या भाषेचा नियम मराठीला लावून बघतंय, म्हणजे त्याचं डोकं उत्तम चाललंय, हे तुम्ही वहीतली वाक्यं समोर ठेवून उलगडून दाखवलंत.

पण माझ्या मनात घर करून राहिलंय ते वेगळंच. तुम्ही आमच्या शाळेवर आलात आणि खुर्ची बाजूला सारून पहिलीच्या मुलांत मांडी घालून बसलात. कधीच तोंड न उघडणारी एक मुलगी तुमच्याशी कोरकूत बोलली, शेळी मक्यात शिरल्याचं काहीतरी. तुम्ही उठून तिचं वाक्य देवनागरीत फळ्यावर लिहिलंत, खाली तिचं नाव लिहिलंत आणि तिलाच विचारलंत, बरोबर आहे का? तिनं मान हलवली. आमच्याकडे असं नाही म्हणत, म्हणाली. तुमची स्वतःची भाषा कोरकूच, पण गाव दुसरं. तुम्ही डस्टरही शोधला नाहीत. तळहातानं तो शब्द पुसलात आणि ती म्हणाली तसा लिहिलात. मग त्याच वाक्याखाली मराठी वाक्य आलं आणि अख्खा वर्ग दोन्ही वाचायला लागला.

सहा वर्षांच्या पोरीनं दुरुस्ती सांगावी आणि तज्ज्ञ बाईनं ती निमूट करावी, असं मी कुठल्याच प्रशिक्षणात पाहिलं नव्हतं. माणसाचं मोठेपण असंच कळतं, मॅडम. हुद्दा असणारे पुष्कळ भेटतात. समोरच्या लहानग्याचं ऐकून घेणारी माणसं फार थोडी, आणि शाळा चालतात त्या अशाच माणसांच्या जिवावर.

आता मी रोज सकाळी मुलांची दोन-तीन वाक्यं आधी कोरकूत घेतो. माझे उच्चार अडखळतात, मुलं हसत हसत सुधारतात. ती मुलगी आता मराठीतही बोलते, भांडतेसुद्धा.

शेजारच्या शाळेवर नवे गुरुजी आलेत, लातूरकडचे. तुम्ही करून घेतलेल्या शब्दसंग्रहाची झेरॉक्स त्यांना दिलीय. पुढच्या शिक्षण परिषदेला आमच्या केंद्रात आलात तर त्यांच्या वर्गावरही नक्की या.

आपला कृतज्ञ,
धारणी तालुक्यातला एक शिक्षक