औषध निघेल, पण ते टोचणार कोण?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

भविष्यात काय होणार यावर खूप लिहिलं जातं आणि मी ते सगळं आवडीने वाचते, पण बहुतेक ठिकाणी "लवकरच" किंवा "येत्या काळात" असं मोघम लिहिलेलं असतं, त्यामुळे नंतर कुणाला जाब विचारता येत नाही. मी शास्त्रज्ञ नाही, वाचणारी बाई आहे, तरी माझे अंदाज वर्ष घालून पाठवतेय म्हणजे ते चुकले तर चुकले असं सरळ म्हणता येईल. या सगळ्या वाचनातून माझं एक मत पक्कं होत गेलंय की पुढच्या पंधरा-वीस वर्षांत शोधांची कमतरता पडणार नाही, गाडी अडेल ती शोध लागल्यानंतर, तो माणसांपर्यंत नेताना.

आरोग्याचंच बघा. लेनाकॅपाविर नावाचं इंजेक्शन आलंय, वर्षातून फक्त दोनदा घ्यायचं आणि एचआयव्हीपासून संरक्षण मिळतं. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ते घेतलेल्या दोन हजारांहून जास्त महिलांपैकी एकीलाही लागण झाली नाही, हे वाचून मला खरंच भरून आलं होतं. जून २०२५ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, आणि गरीब देशांसाठी २०२७ पासून वर्षाला साधारण ४० डॉलरमध्ये त्याचं जेनेरिक मिळेल असे करारही झालेत. म्हणजे औषध आहे, किंमतही आवाक्यात येतेय, मग राहिलं काय, तर दर सहा महिन्यांनी त्याच बाईला पुन्हा गाठून इंजेक्शन देणारी नर्स. माझा अंदाज असा की २०३५ पर्यंत एचआयव्हीची नवी लागण आजच्या निम्म्यावर येईल, पण ज्या देशांनी गावपातळीवरच्या आरोग्यसेविकांना नीट पगार दिले तिथेच, बाकी ठिकाणी आकडा फारसा हलणार नाही.

सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचंही तसंच. २०२३ च्या शेवटी जीन एडिटिंगवर, म्हणजे जनुकांत दुरुस्ती करण्यावर आधारलेला पहिला उपचार ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झाला, पण अमेरिकेतली त्याची किंमत २२ लाख डॉलर, वर आधी केमोथेरपी घ्यायची आणि कित्येक आठवडे हॉस्पिटलात राहायचं, आणि या आजाराचे सगळ्यात जास्त रुग्ण आहेत आफ्रिकेत. २०४० पर्यंत हे काम एका साध्या इंजेक्शनवर येईल असं मला वाटतं, तरीसुद्धा बहुसंख्य रुग्णांना ते मिळालेलं नसेल, आणि ही गोष्ट मला फार टोचते.

मला सगळ्यात जास्त भीती मात्र अँटिबायोटिक निकामी होण्याची वाटते. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ साली नोबेलच्या भाषणातच सांगून ठेवलं होतं की पेनिसिलिन अर्धवट घेतलं तर जंतू त्याला सरावतील. २०१९ या एका वर्षात अशा औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे जगात अंदाजे १२ लाख ७० हजार माणसं गेली. आणि नवी औषधं का येत नाहीत हे बघितलं तर अचाओजेन कंपनीचं उदाहरण पुरेसं आहे, २०१८ मध्ये तिच्या नव्या अँटिबायोटिकला मान्यता मिळाली आणि २०१९ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, कारण असं औषध डॉक्टरांनी कमीत कमी वापरायचं असतं, मग खपणार कसं आणि पैसा येणार कुठून? ब्रिटनने २०२२ पासून यावर चांगला उपाय सुरू केलाय, औषध किती खपलं ते न बघता कंपनीला दरवर्षी ठरलेली रक्कम द्यायची. मोठे देश हे उचलतील अशी मला आशा आहे पण २०३० च्या आत नाही. त्यामुळे २०३५ च्या आधीच साध्या लघवीच्या इन्फेक्शनसाठी घरी गोळ्या घेऊन भागणार नाही, सलाइनमधून औषध घ्यायला ॲडमिट व्हावं लागेल असे पेशंट जवळजवळ प्रत्येक देशात रोजचेच झालेले असतील. हा अंदाज खोटा ठरावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आता विजेबद्दल. १९५४ मध्ये अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष लुईस स्ट्रॉस म्हणाले होते की वीज इतकी स्वस्त होईल की मीटर लावणंच परवडणार नाही. आज तीच भाषा फ्यूजनबद्दल, म्हणजे अणू एकमेकांत मिसळून ऊर्जा मिळवण्याबद्दल ऐकू येते. डिसेंबर २०२२ च्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगात २.०५ मेगाज्यूल लेझर ऊर्जा घालून ३.१५ मेगाज्यूल बाहेर पडली, मोठीच गोष्ट आहे, पण ते लेझर चालवायला ग्रिडमधून, म्हणजे विजेच्या जाळ्यातून, ३०० मेगाज्यूलच्या आसपास घेतले होते. २०४० पर्यंत फ्यूजनची वीज कुठल्याही घरात नेमाने येणार नाही, यावर मी ९० टक्के ठाम आहे. त्याउलट सोलर पॅनेल २०१० ते २०२० मध्ये जवळपास ९० टक्क्यांनी स्वस्त झाले आणि २०३५ पर्यंत सूर्य हाच जगातला विजेचा सगळ्यात मोठा स्रोत असेल. अडचण तारांची आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२३ मध्येच सांगितलं होतं की सुमारे ३,००० गिगावॉटचे प्रकल्प ग्रिडला जोडून मिळायची वाट बघतायत, सोलर प्रकल्प उभा राहायला एक ते पाच वर्षं लागतात आणि ट्रान्समिशन लाइनला पाच ते पंधरा. त्यामुळे दुपारी वीज फुकट घालवायची आणि संध्याकाळी कोळसा किंवा गॅस जाळायचा हा प्रकार २०३५ मध्येही बऱ्याच देशांत चालू असेल. त्यात इंटरनेट आणि एआयचे कॉम्प्युटर जिथे चालतात ती डेटा सेंटर, २०२४ मध्ये त्यांनी जगातली दीड टक्का वीज वापरली आणि २०३० पर्यंत तो वापर दुपटीहून जास्त होईल असा त्याच संस्थेचा अंदाज आहे.

एआयबद्दल थोडक्यात लिहिते कारण त्यावर सगळेच बोलतायत. २०१६ मध्ये जेफ्री हिंटन यांच्यासारखा एआयमधला मोठा शास्त्रज्ञ म्हणाला होता की रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे आणि स्कॅन वाचणारे डॉक्टर, तयार करणं आता थांबवा, पाच वर्षांत मशीन त्यांच्यापेक्षा चांगलं काम करेल. आज उलट रेडिओलॉजिस्ट कमी पडतायत. अनुभवी माणसांचं काम जाणार नाही, पण नवशिक्यांना जी किरकोळ कामं करत करत शिकता यायचं ती कामं मशीनकडे जातील, आणि २०४० ला अनुभवी माणसं आणायची कुठून हा प्रश्न उभा राहील. शिवाय २०३२ पर्यंत ऑडिओ-व्हिडिओ पुरावा तो कुठून आला हे सिद्ध केल्याशिवाय कोर्ट मानणार नाही, निदान अर्ध्या जगात तरी.

जगाच्या राजकारणात भांडणं तेलावरून कमी आणि सुट्या भागांवरून जास्त होतील. रेअर अर्थचं, म्हणजे गाड्यांच्या मोटरमधल्या चुंबकांना वगैरे लागणाऱ्या खास धातूंचं, जवळजवळ ९० टक्के शुद्धीकरण चीनमध्ये होतं, सगळ्यात प्रगत चिप्स बहुतेक तैवानमध्ये बनतात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही रेअर अर्थच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली तर बाहेरच्या देशांतले काही गाड्यांचे कारखाने थांबले. दुसरीकडे अमेरिका-रशियाचा अण्वस्त्रांवर मर्यादा घालणारा न्यू स्टार्ट करार, त्याची मुदत ५ फेब्रुवारी २०२६ ला संपली, आणि २०३५ मध्ये जगात तैनात अण्वस्त्रं आजच्यापेक्षा जास्त असतील असं मला ६५ टक्के वाटतं. हे लिहिताना वाईट वाटतंय.

शेवटचा अंदाज लोकसंख्येचा. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार २०८० च्या दशकात जगाची लोकसंख्या १०३० कोटींच्या आसपास जाऊन मग उतरू लागेल. मला हे २०७० च्या आधीच होईल असं वाटतं. दक्षिण कोरियात २०२३ मध्ये दर बाईमागे सरासरी ०.७२ मुलं होती, लोकसंख्या टिकायला २.१ लागतात. आज जे देश परदेशी कामगारांना दार बंद करतायत तेच २०४० पर्यंत म्हाताऱ्यांची काळजी घेणाऱ्या नर्ससाठी एकमेकांवर बोली लावत असतील, पगार आणि नागरिकत्व दोन्ही देऊ करतील, आणि ज्या गरीब देशांत इंजेक्शन द्यायला माणूस नाही तिथूनच त्या नर्स जातील. त्यामुळे नर्स नेणाऱ्या देशाने तिच्या शिक्षणाचा खर्च तिच्या देशाला परत दिलाच पाहिजे, आणि हा नियम करायची वेळ आत्ताची आहे.

आपली,
एक नियमित वाचक