सूचना : ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळातील (लेंट) उपवास व सेवा

सर्व सभासदांना सप्रेम आठवण करून देण्यात येते की, कॅथलिक चर्चच्या कायद्यानुसार 18 वर्षे पूर्ण झालेल्यांपासून 59 वर्षे पूर्ण होईपर्यंतच्या श्रद्धावंतांनी राखेच्या बुधवारी (या काळाच्या पहिल्या दिवशी) व गुड फ्रायडेला उपवास पाळावयाचा असून, 14 वर्षे पूर्ण केलेल्या सर्वांनी या दोन्ही दिवशी मांसाहार वर्ज्य करावयाचा आहे. मात्र सावजी मटण रस्सा टाळून वाचलेले पैसे खिशातच राहिले, तर तो त्याग अपुरा आहे, असे आम्हांला मनापासून वाटते. म्हणून ते पैसे वेगळ्या डब्यात ठेवावेत आणि त्यातून, मेडिकल रुग्णालयाच्या आवारात चादर अंथरून रात्र काढणाऱ्या, खेड्यापाड्यांतून आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी पोळी-भाजी न्यावी. घटकाभर बसून त्यांची विचारपूसही करावी. मोलकरणीचा पगार वेळेवर देणे, दुकानात माप पुरे भरणे हेही याच व्रताचे पालन होय. आजारी व गरोदर सभासदांना उपवासातून सूट आहे. त्यांनी उपवासाचा आग्रह धरू नये.