पूर्ण जबड्याचे माप चुकते: स्कॅनर कंपनीला तक्रार पत्र

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक

विषय: इंट्राओरल स्कॅनर लांब ब्रिजचे माप चुकीचे घेत असल्याबाबत

महोदय,

नागपुरात धरमपेठेतल्या माझ्या दवाखान्यासाठी मी तुमचा तोंडात फिरवून दातांचे माप घेणारा (इंट्राओरल) स्कॅनर मागच्या दिवाळीत कर्ज काढून घेतला. एकदोन दातांच्या कॅपसाठी माझी काही तक्रार नाही. कॅप नीट बसते, कडेला तपासणीचा टोकदार प्रोब अडकत नाही, पेशंटला मापाच्या मसाल्याने ओकारी येत नाही. तक्रार आहे ती लांब ब्रिजची, म्हणजे एकमेकींना जोडलेल्या अनेक कॅपांच्या सलग कामाची.

एप्रिलमध्ये ७२ वर्षांच्या एका निवृत्त शिक्षिकेचा वरचा दहा दातांचा झिरकोनिया ब्रिज लॅबने याच स्कॅनवरून केला. ट्रायलला तो डावीकडे बसला आणि उजव्या दाढेवर उचललेला राहिला. बोटाने दाबला की डुलायचा. काकू काटोलहून एसटीने येतात. भर उन्हात त्यांना पुन्हा बोलवावे लागले. दात पुन्हा न घासता मी सिलिकॉनच्या मसाल्याने माप घेतले. त्याच लॅबने त्यावर केलेला ब्रिज पहिल्याच ट्रायलला बसला.

तुमच्या इंजिनिअरने फोनवर लाळेचे आणि माझ्या हाताचे कारण दिले. म्हणून मी वरच्या जबड्याचे प्लास्टर मॉडेल टेबलावर ठेवून पाच वेळा स्कॅन केले. तिथे लाळ नाही, जीभ नाही, हलणारा पेशंट नाही. एसी लावून, खोली थंड झाल्यावर कॅलिब्रेशनही केले होते. स्कॅनचा मार्ग तुम्ही शिकवलात तोच. शेवटच्या दोन दाढांमधले अंतर व्हर्नियरने ४८.२ मिमी भरले. पाच स्कॅनमध्ये ते ४७.९ पासून ४८.४ पर्यंत आले. एकही आकडा दुसऱ्याशी जुळला नाही.

स्कॅनर छोटी छोटी चित्रे एकमेकांना जोडत पुढे सरकतो आणि आधीच्या जोडातली चूक पुढे साचत जाते, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच विचारते: माहितीपत्रकात '२० मायक्रॉन अचूकता' एवढेच छापले आहे, ते एका दाताचे की पूर्ण जबड्याचे? खऱ्या मापापासूनचा फरक, की एकाच जागेच्या दोन स्कॅनमधला? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मोजमापाच्या अचूकतेबद्दलच्या आयएसओ ५७२५ या आंतरराष्ट्रीय मानकातही त्या वेगळ्याच धरल्या आहेत. कॅपच्या कडेची फट साधारण १२० मायक्रॉनपर्यंत चालते असे आम्ही मानतो. इथे टेबलावरच्या मॉडेलमध्येच ५०० मायक्रॉनची, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची, तफावत आहे.

इंजिनिअरने प्रमाणित मॉडेल घेऊन इथे यावे आणि माझ्यासमोर पूर्ण जबडा स्कॅन करावा. आकडे लेखी हवेत. दोष निघाला तर स्कॅनरचा हातात धरायचा भाग (हँडपीस) बदलून द्यावा आणि फुकट गेलेल्या ब्रिजचे लॅबचे बिल भरून द्यावे. ते मी खिशातून भरले आहे, काकूंकडून घेतलेले नाही.

तोवर चार दातांपेक्षा लांब काम मी सिलिकॉनच्या मापावरच करणार आहे, आणि कोणी कारण विचारले तर खरे तेच सांगणार आहे.

आपली,
(स्वाक्षरी)
दंतवैद्य, धरमपेठ, नागपूर