कसबा पेठ पायी दाखवणाऱ्या ताईंना अनावृत आभारपत्र

ताई, सादर नमस्कार.

गेल्या हिवाळ्यात सांगलीहून आलेल्या आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या गटाला तुम्ही शनिवारवाड्यापासून त्रिशुंड गणपतीपर्यंतचे जुने पुणे पायी फिरवून दाखवले. निरोप घेताना आम्ही सर्वांनी तुमचे आभार मानले होते, परंतु परतीची गाडी गाठण्याच्या घाईत ते नेमके कशाबद्दल, हे सांगायचे राहून गेले. ते सविस्तर सांगावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते सर्वांसमोर ठेवत आहे, कारण अशा फेऱ्या आखणाऱ्यांना आणि आमच्यासारख्या वयस्कर मंडळींना घेऊन त्यांत सामील होणाऱ्यांना यातील काही गोष्टी उपयोगी पडतील असे मला वाटते.

पहिले आभार तुमच्या संयमाबद्दल. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर उभे राहिल्यावर आमच्यातील निम्म्या लोकांना नारायणरावांच्या किंकाळ्या अमावास्येला अजून ऐकू येतात का, याचीच उत्सुकता होती. तुम्ही कोणाला हिणवले नाही, पण त्या गोष्टीत रंगलाही नाहीत. १० जानेवारी १७३० रोजी पहिल्या बाजीरावांनी वाड्याची पायाभरणी केली आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली, नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी झाला, आणि १८२८ च्या आगीत आतील लाकडी इमले जळून तटबंदी, दरवाजे व जोती एवढेच मागे उरले, हे तुम्ही क्रमाने सांगितले. ‘ध’ चा ‘मा’ झाल्याची कथा सांगताना ती कथा म्हणूनच सांगितली. लाल महालापाशीही तसेच. शायिस्ताखानावरचा १६६३ चा छापा ज्या वास्तूत झाला ती वास्तू आज उभी नाही, समोर दिसते ती महानगरपालिकेने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेली इमारत आहे, हे तुम्ही सुरुवातीलाच स्पष्ट केले. आमच्यातील एका सद्‌गृहस्थांना ते रुचले नाही आणि त्यांनी वाद घातला. त्यांचे म्हणणे तुम्ही पूर्ण ऐकून घेतले, पण आपले विधान सौम्य केले नाही. श्रोत्यांना खूश करण्यासाठी इतिहासात मीठमसाला घालणारे मार्गदर्शक मी अनेक ठिकाणी पाहिले आहेत, त्यामुळे या गोष्टीचे मला विशेष मोल वाटते.

मात्र माझे खरे ऋण पाण्याबाबतचे आहे. मी पाणीपुरवठ्याच्या कामात आयुष्य घालवलेला निवृत्त अभियंता आहे. कोणत्याही जुन्या शहरात गेलो की येथे लोक पाणी कोठून आणत होते, हा प्रश्न मनात येतो, आणि बहुतेक ठिकाणी त्याला ‘विहिरी असतील’ एवढेच उत्तर मिळते. तुम्ही मात्र वाड्यातील हजारी कारंज्यापाशी थांबून, हे पाणी येथे कोणत्याही यंत्राविना कसे उसळत असेल, असे आम्हालाच विचारले, आणि आम्ही गप्प राहिल्यावर कात्रजच्या नळाची हकिगत सुरू केली. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या घाटाखाली बांध घालून पाणी अडवले. वरच्या तलावात गाळ खाली बसावा आणि निवळलेले पाणी खालच्या तलावात यावे अशी योजना केली, आणि तेथून माणूस आत शिरून साफसफाई करू शकेल एवढा दगड-चुन्याचा बंदिस्त नळ जमिनीखालून थेट शहरापर्यंत आणला. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले, म्हणजे अडकलेली हवा बाहेर पडावी आणि गाळ काढण्यासाठी आत उतरता यावे. सगळा प्रवाह केवळ जमिनीच्या उतारावर चालत असे. आठ-एक किलोमीटर लांबीच्या नळाला एकसारखा उतार राखणे म्हणजे काय असते, हे ज्याने पाणसळ, म्हणजे पातळी तपासण्याचे साधन, घेऊन उन्हात दिवस काढले आहेत त्यालाच कळते, आणि म्हणून ते काम करणाऱ्या, इतिहासात नाव न उरलेल्या गवंड्यांविषयी तुम्ही दोन वाक्ये अधिक बोललात तेव्हा मला मनापासून बरे वाटले.

याहून महत्त्वाचे म्हणजे तुम्ही नळापाशी थांबला नाहीत. पाणी शहरात आले, हौदांत पडले, पण ते भरायला कोणाला मुभा होती, हा पुढचा प्रश्न तुम्ही साततोटी चौकाकडे जाताना काढला. सार्वजनिक म्हणवणारे हौद सर्वांसाठी नव्हते, आणि म्हणूनच १८६८ मध्ये जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुला केला ही किती मोठी घटना होती, हे तुम्ही त्या जागी सांगितल्यामुळे आम्हाला नीट उमगले. फुल्यांचे सहकारी डॉ. विश्राम रामजी घोले यांनी अकाली गेलेल्या आपल्या मुलीच्या स्मरणार्थ बांधलेल्या बाहुलीच्या हौदाचा उल्लेखही तुम्ही त्याच ओघात केला. पेशव्यांच्या स्थापत्याचे कौतुक आणि फुल्यांच्या धैर्याचे कौतुक या दोन गोष्टी आपल्याकडे सहसा वेगवेगळ्या व्यासपीठांवरून सांगितल्या जातात. तुम्ही त्या एकाच पाण्याच्या गोष्टीत, कोणताही आव न आणता सांगितल्या. खात्यात असताना आम्ही दरडोई लिटरचे हिशेब केले, पण पाणी प्रत्यक्ष कोणाच्या घागरीत पडते याचा हिशेब आमच्या तक्त्यांत क्वचितच असे.

कसबा गणपतीच्या दर्शनाविषयी फारसे लिहीत नाही. ग्रामदैवताच्या गाभाऱ्यापुढे आम्हाला पुरेसा वेळ दिलात आणि जिजाऊंच्या काळापासूनचा या देवस्थानाचा संबंध थोडक्यात सांगितलात, ते योग्यच होते.

तांबट आळीत मात्र तुम्ही आम्हाला अनपेक्षितपणे बराच वेळ थांबू दिले. पेशवाईत येथे वसवलेल्या या कारागिरांच्या आळीत आता ठोक्यांचे आवाज पूर्वीइतके येत नाहीत, परंतु ज्या कारखान्यासमोर आपण उभे होतो तेथील वयस्कर कारागिरांनी तुमच्या विनंतीवरून मठारकाम करून दाखवले. तांब्याचा पत्रा ठोकून ठोकून त्यावर एकसारख्या गोल खुणा उठवायच्या, त्या शोभेसाठी असतात असेच आम्ही समजत होतो. ठोक्यांनी धातू घट्ट होतो, भांडे पातळ राहूनही वाकत नाही आणि म्हणूनच पाण्याने भरलेला हंडा वर्षानुवर्षे टिकतो, हे त्या कारागिरांनी हातातील काम न थांबवता सांगितले. आमच्या गटातील भगिनींनी बंब, घंगाळ, तपेली, सतेले अशी एकेका भांड्याची नावे घेत माहेरच्या न्हाणीघरांच्या आठवणी काढायला सुरुवात केली, तेव्हा तुम्ही त्यांना आवरले नाही. उलट तुम्ही बाजूला होऊन कारागिरांना आणि त्यांना बोलू दिले. स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांनी आणि गॅसच्या गिझरांनी या आळीचे काय केले, हे कारागिरांच्या तोंडून ऐकणे आणि मार्गदर्शकाच्या तोंडून ऐकणे यात फार अंतर आहे, हे तुम्ही जाणता. त्यांचा वेळ घेतल्याबद्दल त्यांना मानधन द्यावे असे तुम्ही आम्हाला आधीच सुचवून ठेवले होते, याचीही नोंद येथे करतो, कारण कारागीर म्हणजे फुकटचे प्रदर्शन अशी अनेक सहलींची समजूत असते.

वाड्यांच्या बाबतीत तुमचे वागणे मला सर्वांत शिकण्यासारखे वाटले. चौकात पाऊल टाकण्यापूर्वी तुम्ही प्रत्येक वेळी दिंडी दरवाजातून हाक मारून परवानगी घेतलीत. वाळत घातलेले कपडे, ओसरीवर बसलेली माणसे यांची छायाचित्रे काढू नयेत, असे आम्हाला बजावलेत. पुणेरी पाट्यांवर विनोद करण्याचा सोपा मोह तुम्ही टाळलात, हे आमच्यातील काहींना निराशाजनक वाटले असले तरी मला ते आवडले. राहत्या घरांसमोर उभे राहून तेथल्या माणसांवर हसणे शोभत नाही. दगडी जोते, सागवानी सुरूदार खांब, कडीपाट, देवळी, माजघर या सगळ्यांची ओळख तुम्ही करून दिलीत, आणि मग हे वाडे का पडतात या प्रश्नाचे जे उत्तर दिलेत ते मी अनेकांना नंतर सांगितले आहे. मुंबई राज्याच्या १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. मालकाला डागडुजी परवडेनाशी झाली, भाडेकरूला घर सोडणे परवडेना, पिढ्यागणिक वारस वाढत गेले आणि एका वाड्याच्या सह्या गोळा करणेही अशक्य झाले. त्यातच नदीकाठच्या कितीतरी मातीच्या भिंती १२ जुलै १९६१ रोजी, पानशेत फुटून पाठोपाठ खडकवासल्याचे जुने धरणही कोसळले तेव्हा, पुराच्या पाण्यात विरघळल्या होत्या. ही कारणे ऐकल्यावर ‘लोकांना वारशाची किंमत नाही’ हे आमच्यातील एकाचे वाक्य अर्धवटच राहिले. पानशेतचा विषय निघाल्यावर मी थोडे जास्त बोललो, ते तुम्ही बोलू दिलेत, याबद्दलही आभारी आहे.

नागझरी ओलांडून सोमवार पेठेत गेल्यावर त्रिशुंड गणपतीच्या दर्शनी भिंतीवरील शिल्पांसमोर आम्ही सारे थकलो होतो. भीमगिरजी गोसावी यांनी १७५४ मध्ये काम सुरू करून उभारलेल्या या काळ्या पाषाणाच्या मंदिरातील संस्कृत आणि फारसी शिलालेख, मोरावर बसलेली तीन सोंडांची मूर्ती आणि गुरुपौर्णिमेला दर्शनासाठी उघडले जाणारे तळघर यांविषयी तुम्ही सांगितलेत. गेंड्याला साखळदंडाने बांधणाऱ्या शिपायांच्या शिल्पाचा अर्थ इंग्रजांनी प्लासीनंतर बंगाल गिळल्याचे रूपक असा लावला जातो, पण तो तर्क आहे, हेही तुम्ही आवर्जून म्हणालात. त्या वेळी आमच्यातील एका आजींचे गुडघे पूर्णपणे बसले होते. तुम्ही बोलणे न थांबवता शेजारच्या घरातून खुर्ची मागवलीत, त्यांना शिल्प दिसेल अशा जागी बसवलेत आणि उरलेले सर्व निवेदन त्यांच्या खुर्चीजवळ उभे राहून केलेत, त्यामुळे आम्हा सर्वांनाच त्यांच्याभोवती गोळा व्हावे लागले. आपल्यामुळे सर्वांचा खोळंबा झाला, असे त्या माउलीला एकदाही वाटले नाही. त्यांनी या पत्रात आपला आशीर्वाद कळवण्यास सांगितले आहे.

एक सूचना करण्याचे धाडस करतो. फेरी सकाळी आणखी तासभर लवकर सुरू करता आली, तर तांबट आळीच्या पुढचे अंतर वयस्कर मंडळींना उन्हाआधी पार करता येईल आणि त्रिशुंड गणपतीला सध्या मिळतो त्याहून अधिक वेळ देता येईल. वाटेत बसण्याच्या दोन जागा आधी ठरवून ठेवल्या, तर तेही बरे होईल.

दुसरे म्हणजे, कात्रजच्या तलावापासून शहरातील हौदांपर्यंत केवळ पाण्याच्या मागावर जाणारी एक स्वतंत्र फेरी आखण्याचा विचार तुम्ही बोलून दाखवला होता. तो प्रत्यक्षात आणणार असाल तर उतार, उच्छ्वास आणि गाळ बसवण्याची पद्धत सोप्या आकृत्यांतून समजावणारा एक तक्ता मी तयार करून देऊ शकेन, आणि आमच्या खात्यातील दोन निवृत्त सहकारीही त्यासाठी उत्सुक आहेत. तारीख आगाऊ कळवावी, म्हणजे आम्हाला सांगलीहून आदल्या रात्रीच निघता येईल.

आपला कृपाभिलाषी,
सांगलीच्या ज्येष्ठ नागरिक गटातील एक निवृत्त अभियंता