दोन नंबरच्या बाटलीत काय आहे, ते लेखी कळवा

सातारा
दि. २४ नोव्हेंबर २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : आपल्या 'घरच्या घरी टूथ जेम' संचामुळे मुलीच्या दाताला व हिरडीला झालेली इजा, तसेच संचातील द्रवांची माहिती न दिल्याबाबत.

महोदय/महोदया,

माझ्या मुलीने (वय १९) ३० ऑक्टोबरला आपल्या ॲपवरून दातावर खडा लावायचा संच मागवला. किंमत ७९९ रुपये. पैसे माझ्या खात्यातून गेले आहेत, म्हणून तक्रार मी करते आहे. पावती, खोक्याचे आणि बाटल्यांचे फोटो, दंतवैद्यांचा कागद सोबत जोडला आहे.

दात सजवण्याला माझा विरोध नाही, हे आधीच सांगते. माझ्या आत्याच्या पुढच्या दातात सोन्याचा ठिपका होता. ती हसली की तो चमकायचा आणि आम्हा पोरींना त्याचं फार अप्रूप वाटायचं. त्यामुळे मुलगी सुळ्यावर बारीकसा खडा लावते म्हणाली, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. तिच्या मैत्रिणीने पुण्यात दंतवैद्याकडून लावून घेतलाय, वर्ष होत आलं तरी तो जागचा हललेला नाही. पण ९ तारखेला आमच्याकडे साखरपुडा होता, पुण्याला जायला सवड नव्हती, आणि आपल्या जाहिरातीत 'दंतवैद्याची गरज नाही, दहा मिनिटांत तयार' असं लिहिलं होतं. त्यावर आम्ही विश्वास ठेवला.

संचात सहा खडे, चिमटा, कापसाचे बोळे, बोटाएवढी निळी बॅटरी आणि दोन छोट्या बाटल्या होत्या. एका बाटलीवर १ लिहिलेलं, दुसरीवर २. त्यापलीकडे दोन्ही बाटल्यांवर एक अक्षर नाही. खोक्यावर किंमत आहे, पण माल कोणी बनवला, कुठून आला, कोणत्या महिन्यातला आहे, काही नाही.

मी सोळा वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर आहे. चिठ्ठी निघालेली बाटली आमच्याकडे कोणी उघडत नाही, मग आत नुसतं पाणी असलं तरी. आणि इथे जी वस्तू तोंडात लावायची, तिच्यावर फक्त आकडा! ५ तारखेला मुलीने खडा लावला तेव्हा मी शाळेत होते. घरी असते तर ती बाटली मी उघडू दिली नसती, हे मला अजून टोचतं.

कार्डावर लिहिलं होतं : '१ नंबर दाताला लावा, एक मिनिट थांबा, पुसून घ्या.' पुसून घ्या! पाण्याने धुवा असंही लिहिलेलं नाही. तो द्रव पाण्यासारखा पातळ, वरच्या हिरडीवर पसरला. हिरडी पांढरी पडली, आग व्हायला लागली. तरी कार्डाप्रमाणे तिने २ नंबर लावला, खडा ठेवला, बॅटरी धरली. त्या रात्री तिला कोमट चहाही घेववेना. साखरपुड्यात ती तोंडावर हात धरूनच हसत होती. १३ तारखेला भाकरी खाताना खडा गेला, बहुधा पोटात. दातावर गोंदाचा पिवळट गोळा तेवढा राहिला, तो ब्रशने काही निघेना.

दुसऱ्या दिवशी इथल्या दंतवैद्य बाईंकडे गेलो. त्यांनी तपासलं आणि पहिला प्रश्न विचारला, "ताई, या बाटल्यांत काय होतं?" मी दोन्ही बाटल्या पिशवीतून काढून पुढे ठेवल्या. त्यांनी उलटसुलट करून पाहिल्या आणि माझ्याकडे बघितलं. त्या म्हणाल्या, एक नंबर कुठलं तरी ॲसिड असणार, पण कोणतं, किती तीव्र? दोन नंबर वासावरून साधा झटपट गोंद वाटतो, पण खात्रीने सांगता येत नाही. तसा असेल तर निळ्या बॅटरीचा काही उपयोगच नाही, कारण त्या प्रकाशाने फक्त त्यासाठीच बनवलेलं रेझिन घट्ट होतं.

मग त्यांनी मला नीट समजावलं. त्याही खडे लावतात. आधी प्युमिसच्या बारीक पावडरीने दात घासतात, ओठ आणि जीभ बाजूला राहील अशी सोय करतात, दात कोरडा करतात. ३७ टक्क्यांची फॉस्फोरिक ॲसिडची जेल लावतात. जेल घट्ट असते, ओघळत नाही. अर्ध्या मिनिटात भरपूर पाण्याने ती धुऊन काढतात. वाळल्यावर तेवढाच भाग खडूसारखा दिसतो. त्यावर बाँडिंग (चिकटवायचा द्रव), कंपोझिट (दातात भरतात ते रेझिन), खडा आणि निळा प्रकाश. ब्रेसेसचे ठोकळे याच पद्धतीने चिकटवतात, आणि काढताना इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण कवच, न दुखवता काढता येतात. किडलेल्या दातावर किंवा दुधाच्या दातावर त्या खडा लावत नाहीत. आपल्या जाहिरातीत मात्र 'सर्व वयोगटांसाठी' असं लिहिलंय. आमच्या शाळेतल्या नववीच्या मुलींनी ती जाहिरात मला मोबाइलवर दाखवली. त्यांच्या घरी धाकटी भावंडं आहेत. हे पत्र मी त्यांच्यासाठीही लिहिते आहे.

गोंद काढायला पाऊण तास लागला. तो कशाचा आहे ते माहीत नसल्याने बाई अगदी हळूहळू, अंदाज घेत खरवडत होत्या. नंतर पॉलिश केलं, फ्लोराइड लावलं. खर्च १,८०० रुपये. हिरडी आता भरून आली आहे, पण सुळ्यावर पांढरा डाग राहिलाय. तो थोडा फिका होईल, पूर्ण जाईलच असं नाही. गेलेलं इनॅमल परत येत नाही.

काळजी कशी घ्यायची याबद्दल कार्डावर एकच ओळ आहे : खड्याची चमक टिकवायला आपलीच कोळशाची पावडर रोज घासा. दंतवैद्य बाईंनी ते वाचून कपाळाला हात लावला. असल्या खरखरीत पावडरीने दात झिजतो आणि खड्याची चमकही जाते. मऊ ब्रश, साधी फ्लोराइडची पेस्ट, खड्याच्या कडेला साचणारा थर रोज काढणं, पहिला दिवस मऊ खाणं, नखाने खडा न कुरतडणं, एवढं छापायला किती जागा लागली असती?

१४ तारखेला आपल्याला मेल केला, आपोआप येणारं उत्तर आलं. १७ तारखेला फोन केला, तर "मॅडम, हायजीन प्रॉडक्ट आहे, रिटर्न होत नाही." मी माल परत घ्या म्हटलंच नव्हतं. दोन नंबरच्या बाटलीत काय आहे, एवढंच विचारलं होतं. "ते सिस्टीमला दिसत नाही," असं सांगून फोन ठेवला.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८४ प्रमाणे वापराच्या पुरेशा सूचना किंवा इशारा न देता विकलेल्या मालाने इजा झाली, तर उत्पादक जबाबदार असतो. खोक्यावर आपलाच ब्रँड आहे.

माझ्या मागण्या अशा : दोन्ही बाटल्यांतील घटक आणि त्यांचं प्रमाण लेखी कळवा. संचाचे ७९९ आणि उपचाराचे १,८०० रुपये परत करा, पुढच्या उपचारांचा खर्चही द्या. 'दंतवैद्याची गरज नाही' आणि 'सर्व वयोगटांसाठी' ही वाक्यं जाहिरातीतून काढा. आणि घटक छापले जाईपर्यंत या संचाची विक्री थांबवा. उत्तर आलं नाही तर १९१५ या हेल्पलाइनवर आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करेन.

यातली पहिली मागणी महिनाभर थांबू शकत नाही. ५ डिसेंबरला मुलीला पुन्हा तपासायला बोलावलंय. बाई पुन्हा तोच प्रश्न विचारतील, त्याआधी मला उत्तर हवं आहे.

आपली ग्राहक,
एक आई
सातारा