पहिली सही टाकी भरणाऱ्याची

आदरणीय काका,

घरी येऊन आभार मानले असते तर तुम्ही चहा पाजला असता आणि विषय पावसापाण्यावर नेला असता. म्हणून चारचौघांत लिहितोय. रागावलात तरी चालेल.

साखर कारखान्याने आमची सुरक्षा पुस्तिका मान्य केली आणि यंदा ड्रोनने ऊस फवारण्याचं काम आमच्याकडे दिलं. पुस्तिकेशिवाय काम नाही, हे त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं. त्यांचं चुकलंही नव्हतं. पंचवीस किलोच्या आतबाहेरचं यंत्र माणसांच्या आसपास उडवायचं, तर काय बिघडल्यावर कोणी काय करायचं हे कागदावर हवंच.

पण तो कागद मिळवताना जे भेटले त्यांच्याबद्दल न लिहिता पुढे जाववत नाही. एका सल्लागाराने चांगले पैसे मोजून घेतले आणि जाडजूड फाईल पाठवली. तिच्यात हिमवर्षावात उड्डाण कसं करावं याचं अख्खं प्रकरण! कृष्णाकाठी! समुद्रातल्या तेलविहिरींची पाहणीही होती. शेतावरून गेलेल्या ११ केव्हीच्या विजेच्या तारांबद्दल मात्र अवाक्षर नाही. विचारलं तर म्हणाले, "वाचतंय कोण? शिक्का मारून द्या." दुसऱ्या एकाने तर मागच्या गिऱ्हाइकाचं नावसुद्धा बदललं नव्हतं.

तुम्ही हवाई दलात विमानांच्या देखभालीत उभी हयात काढलेली. आमचा ड्रोन तुम्हाला खेळण्यासारखा वाटेल असं धरून चाललो होतो. तुम्ही फाईल उघडलीच नाहीत. "आधी रान दाखवा," म्हणालात. बांधावर मी उत्साहाने सगळं मांडलं: यंत्राचा नोंदणी क्रमांक, पायलटचं प्रमाणपत्र, २०२१ चे ड्रोन नियम, आपण ड्रोनच्या नकाशावर हरित पट्ट्यात आहोत म्हणजे चारशे फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, वगैरे. (उडतो उसाच्या शेंड्यावर दोन-तीन मीटर, आणि तोरा चारशे फुटांचा!) तुम्ही विजेच्या खांबाच्या ताणाची तार कुठवर आलीय ते बघत होतात. मग विचारलंत, "टाकी कोण भरतं?"

हा प्रश्न तोवर कुणी विचारला नव्हता. सगळ्यांची नजर वर ड्रोनकडे, खाली त्याच्या टाकीत औषध भरणाऱ्याकडे नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-मजुरांचे जीव गेले, त्याची आठवण तुम्हीच काढलीत. ड्रोनमुळे पाठीवरचा पंप उतरला, उसाच्या दाटणीत शिरणं वाचलं, हे खरंच. पण पंपाने एकराला शे-दोनशे लिटर पाणी जायचं, तिथे आता दहा लिटरमध्ये भागतं. म्हणजे टाकीतलं द्रावण कितीतरी जहाल, आणि ते कालवणारा माणूस तोच.

पुढे आपण काय लिहिलं, किती वेळा खोडलं, ते जाऊ दे. मला सांगायचंय ते शेवटच्या बैठकीचं.

आमच्या शेडमध्ये सगळे बसलो होतो. टाकी भरणारा पोरगा नेहमीसारखा दाराशी उभा. तुम्ही स्वतःच्या शेजारी खुर्ची ओढलीत, त्याला बसवलंत आणि म्हणालात, "यातलं काय जमणार नाही ते सांग. मालकाकडं बघू नकोस." बराच वेळ तो गप्प. मग म्हणाला, "वारं फिरलं तर मी वरडतो, पण पंख्याच्या आवाजात पायलटला ऐकू जात न्हाई." आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. इतके जण वाचून गेलो होतो, एकालाही सुचलं नव्हतं. तुम्ही तिथल्या तिथे लिहिलंत: प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी, आणि ती कुणीही वाजवली तरी पायलटने फवारा बंद करून ड्रोन जागीच थांबवायचा, कारण नंतर विचारायचं. "आणि वाजवली म्हणून हजेरी कापायची नाही," हे वाक्य तुम्ही माझ्याकडे बघून लिहिलंत.

सह्यांची वेळ आली तेव्हा मी पेन काढलं होतं. तुम्ही पुस्तिका त्याच्यापुढे सरकवलीत, खिशातलं स्वतःचं पेन दिलंत. "पहिली सही तुझी. विषाशी गाठ तुझी पडते." त्याने हात पँटला पुसले आणि सावकाश पूर्ण नाव लिहिलं. माझी सही तिसरी आहे, पायलटच्या खाली. कारखान्याच्या साहेबांनी त्यावर भुवया उंचावल्या. मी काही खुलासा दिला नाही.

चांगली माणसं म्हणजे काय, याचा विचार तेव्हापासून बरेचदा येतो. हुशार माणसं पुष्कळ भेटतात, नियम तोंडपाठ असणारीही. पण समोरच्याच्या जिवाची काळजी त्याचा पगार न बघता करणारी किती? आणि तीही अशी की त्याला उपकार वाटू नयेत. पैशाचं विचारलं तर तुम्ही पेरूची पिशवी तेवढी ठेवून घेतलीत, तीही काकूंनी आग्रह केला म्हणून.

बॅटरीच्या पानावर तुमच्या पेन्सिलच्या दोन खुणा अजून आहेत: उड्डाणानंतर तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावायची नाही, आणि फुगलेली औषधांच्या खोलीत ठेवायची नाही. पहिलं अंगवळणी पडलंय. दुसऱ्यासाठी शेडबाहेर वेगळी पत्र्याची पेटी करून घेतोय, खाली वाळू. झाली की बघायला या. पोरगा विचारत असतो, काका पुन्हा कधी येणार म्हणून.

तुमचा,
शेडवाला